पणजोबांचा मोठा भाऊ फिजीला गेला होता का? (भंडारा जिल्हा, १९०१)

वैनगंगाकाठ

नमस्कार मंडळी. इथे जुन्या कागदांची माहिती असलेले बरेच जण आहेत म्हणून धागा काढतोय.

आमच्या घरी एक गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. छप्पनच्या दुष्काळानंतर पणजोबांचा मोठा भाऊ घरातून निघून गेला. वरठी स्टेशनावरून गाडीत बसला, कलकत्त्याला गेला, तिथून जहाजात. "साखरेच्या बेटावर गेला" एवढंच आमचे आबाजी सांगायचे. कोणतं बेट, कुणाबरोबर गेला, काही माहीत नाही. आबाजींचा जन्मच त्यानंतरचा. घर सालदाराचं. पणजोबा आणि त्यांचा भाऊ दोघंही मालगुजाराकडे (गावच्या जमीनदाराकडे) सालानं राहायचे. स्वतःची धानाची एक बांधीही नव्हती.

आता झालं असं की ऑकलंडला राहणाऱ्या एका बाईंचा निरोप आला. त्यांचं घराणं मूळचं फिजीतल्या लंबासा भागातलं, उसाची शेती करणारं. त्यांच्या पणजोबांचा 'इमिग्रेशन पास' त्यांनी मिळवलाय, त्यावर झिला भंडारा आहे. नागपूरला शिकलेल्या एका ओळखीच्या पोरामार्फत तो फोटो फिरत फिरत माझ्यापर्यंत आला, कारण गावाचं नाव आमच्या गावासारखं दिसतं.

पासवर असं आहे: झिला भंडारा, ठाणा साकोली, गाव इंग्रजीत जे लिहिलंय ते पिपरगाव किंवा पिपलगाव असं काहीतरी वाचता येतं. वय २४. जात कुणबी. बापाचं नाव आमच्या खापरपणजोबांच्या नावाशी जुळतं. 'जवळचा नातेवाईक' या रकान्यात भावाचं नाव आहे, ते आमच्या पणजोबांचं. बायकोचा रकाना कोरा. डाव्या पायावर व्रण. नोंदणी झाली ती जागा मात्र रायपूर.

नावं आणि जहाजाचं नाव मुद्दाम देत नाही.

प्रश्न दोन. एक, एवढ्यावरून हा आमचाच माणूस म्हणायचं का? दोन, इकडच्या बाजूनं काही कागद मिळतील का? तिसरा प्रश्न घरातला आहे. चुलतभाऊ म्हणतात, कशाला उकरून काढतोस, उद्या सातबाऱ्यावर नाव चढवायला येतील.

झाडीचा_माणूस

भाऊ, मी मोहाडीकडचा. आमच्या इकडं बी अशा गोष्टी लय आहेत. पन एक सांगू का, "कलकत्त्याले गेला" म्हणजे बेटावरच गेला असं नाही. त्या काळात आरकाटी, म्हंजे मजूर भरती करनारे दलाल, फिरत होते, गाडीत बसवून देत होते, अन् अर्धे लोक आसामच्या चहामळ्यात पोचत होते. आमच्या आजीचा मामा तसाच गेल्ता, त्याचं पुढं काहीच समजलं नाही. तुमचा पास खरा आहे का ते पहिले पाहा. आजकाल कोनी काय बी बनवते.

पन रायपूरचं लिहिलं आहे ते मले बरोबर वाटते. गाडी तिकडूनच जाते ना.

जुने_कागद

महसूल खात्यात आयुष्य गेलं. अभिलेख कक्षातली धूळ भरपूर खाल्ली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं, पास खोटा असण्याचं कारण मला दिसत नाही. कलकत्त्याच्या डेपोत प्रत्येक माणसाचा असा छापील पास भरला जाई. डेपोचा नंबर, जहाज, नाव, बापाचं नाव, वय, जात, जवळचा नातेवाईक, झिला, ठाणा, गाव, अंगावरच्या खुणा, उंची, नोंदणीची जागा आणि तारीख असे त्याचे रकाने. फिजीतले हे पास सुवा इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मॉरिशसला पुढे फोटो काढत असत. फिजीच्या पासवर फोटो नाही, म्हणून तो व्रणाचा रकाना महत्त्वाचा. तुमच्या घरी कुणाला "पायाला कोयता लागला होता" असं काही आठवतं का विचारा. शंभरेक वर्षांनी कोण सांगणार म्हणा, पण विचारायला काय जातं.

दुसरं, काळ बरोबर बसतो. १८९६-९७ चा दुष्काळ, आणि त्यातून लोक सावरतात न सावरतात तोच १८९९-१९०० चा, म्हणजे संवत १९५६ चा, ज्याला आपले म्हातारे छप्पनचा म्हणतात. धानाच्या जिल्ह्यात पाऊस वेळेवर थांबला की संपलंच. १९०१ च्या शिरगणतीत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या ६,६३,०६२ भरली, आधीच्या दहा वर्षांपेक्षा सुमारे अकरा टक्के कमी. त्या आकड्यात मेलेलेही आहेत आणि गेलेलेही. मालगुजाराकडे धानच नाही तर सालदाराला साल कोण देणार?

तिसरं, रायपूर. बंगाल-नागपूर रेल्वेनं नागपूर ते आसनसोल ही वाट १८९१ ला सुरू केली होती. वरठी, तुमसर रोड, गोंदिया, राजनांदगाव, रायपूर. १९०० पर्यंत खरगपूरवरून हावड्याला सरळ जाता येऊ लागलं. माणूस घरून कामाच्या शोधात निघे, वाटेत मोठ्या गावात आरकाट्याच्या हाती लागे, आणि तिथल्याच मॅजिस्ट्रेटसमोर त्याची नोंदणी होई. त्यामुळे नोंदणीचं ठिकाण आणि मूळ झिला वेगळा असणं हे अगदी नेहमीचं. उलट दोन्ही एकच असते तर मला जास्त प्रश्न पडले असते.

आता खरी अडचण गावाची. गावाच्या नावावर आधी जाऊ नका, ठाण्यावर जा. आज गोंदिया जिल्हा आहे तो १९९९ पर्यंत भंडाऱ्यातच होता. १९०१ साली जिल्ह्यात तीनच तहसिली होत्या: भंडारा, तिरोडा, साकोली. साकोली तहसिलीत तेव्हा नवेगाव बांधाकडचा मुलूखही येत असे. म्हणजे तुमच्या पासवरचं गाव आजच्या गोंदिया जिल्ह्यातलंही असू शकतं. त्या पट्ट्यात पिंपळगाव आहेत, पिपरी आहेत, पिपरिया आहेत. सांगणारा झाडीबोलीत सांगतोय, ऐकणारा हिंदी किंवा बंगाली कारकून, लिहायचं इंग्रजीत. एकट्या गावाच्या नावावर कुणाचीही खूणगाठ बांधता येणार नाही. बापाचं नाव, भावाचं नाव, ठाणा, या तिन्ही गोष्टी एकाच घरात जुळतात का, हे पाहायचं. तुमच्या जुळताहेत असं दिसतं, पण ही नावं त्या काळी गावोगाव होती हेही लक्षात घ्या.

वयाकडे फार पाहू नका. भरतीवाल्याला तरणाबांड माणूस हवा असे, म्हणून तिशी उलटलेलाही चोविसाचा होई.

जातीच्या रकान्याबद्दलही सावध. काही जण मुद्दाम दुसरी जात सांगत. शेतीचं काम करणारी जात सांगितली की घेतात, हे आरकाट्याला पक्कं माहीत होतं.

आता इकडचे कागद. तुमचं घर सालदाराचं, म्हणजे बंदोबस्ताच्या मिसलीत (जमीन-महसुलाच्या जुन्या दप्तरात) कुळ म्हणूनही नाव नसणार. त्यात वेळ घालवू नका. कोतवाल बुक पाहा. मध्य प्रांतात गावचा कोतवाल जन्म-मृत्यू लिहून ठाण्याला कळवायचा, आणि त्यात जमीन असो नसो, सगळ्यांची नोंद होई. जन्माच्या नोंदीत बहुतेक वेळा मुलाचं नाव नसतं, "अमक्याला मुलगा झाला" एवढंच. मृत्यूच्या नोंदीत बाप किंवा नवरा लिहिलेला असतो. जातीच्या दाखल्यासाठी तुमच्या घरात कुणीतरी या नकला आधीच काढल्या असतील. आधी घरातली पेटी उघडा, मग तहसील.

संत्रा_बाग

आमच्या अमरावतीकडून कोणी बेटांवर गेल्याचं ऐकलं नाही. मॉरिशसला मराठी लोक आहेत ना बरेच? गणपती करतात, मराठी शिकवतात. तिकडे चौकशी केली का?

जुने_कागद

मॉरिशसचे मराठी लोक मुख्यतः रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर या बाजूचे. मुंबई बंदरातून गेले, आणि तेही बहुतेक १८६० च्या दशकापर्यंतच. त्यांच्या नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. एका भागातले बरेच जण एकत्र गेले म्हणून त्यांची भाषा, देव टिकले. पूर्व विदर्भाचा रस्ता वेगळा, कलकत्त्याचा. मध्य प्रांतातून फिजीला गेलेल्यांत छत्तीसगडचे लोक पुष्कळ, आपल्याकडचे तुरळक. अवध-बिहारच्या हजारो लोकांत पाच-दहा मराठी माणसं काय टिकवणार? दोन पिढ्यांत घरची बोली फिजी हिंदी.

सिडनीकर_अकोल्याचा

मी सिडनीत पंधराएक वर्षं आहे. शेजारी, कामावर, मुलांच्या शाळेत फिजीचे भारतीय भरपूर भेटतात. त्या बाईंच्या बाजूनं थोडं सांगतो, कारण "हिस्सा मागायला येतील" हे वाचून हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

फिजीला पहिलं जहाज गेलं १८७९ ला, लिओनिडास. शेवटचं १९१६ ला. या काळात साठ हजारांवर माणसं गेली, त्यातली सुमारे पंचेचाळीस हजार कलकत्त्याहून, बाकी मद्रासहून. करार पाच वर्षांचा. ॲग्रीमेंटचं गिरमिट झालं आणि हे लोक गिरमिटिया. शिडाच्या जहाजाला अडीच-तीन महिने लागत, आगबोटीला महिनाभर. उतरल्यावर सुवाजवळच्या नुकुलाऊ बेटावर आधी वेगळं ठेवत, मग मळ्यांवर वाटणी.

मालक बहुतेक ठिकाणी एकच, सिडनीची कलोनियल शुगर रिफायनिंग कंपनी. सीएसआर म्हणतात तिला. नौसोरी, बा, लंबासा, लौटोका इथे तिच्या गिरण्या. लंबासाची गिरणी १८९४ ची, म्हणजे तुमचा माणूस १९०१ ला गेला तेव्हा ती जोरात चालू होती. पुरुषाला दिवसाला एक शिलिंग, बाईला नऊ पेन्स, तेही ठरवून दिलेलं काम पुरं झालं तर. पुरं झालं नाही तर कापणी. राहायला 'लाइनी'. दहा फूट बाय सात फुटांची खोली, तीत तीन एकटे पुरुष किंवा एक जोडपं. त्या दिवसांना तिकडचे म्हातारे 'नरक' म्हणत. आमच्या शेजारच्या काकाजींच्या तोंडून मी हाच शब्द ऐकलाय, आणि त्यांचा तर जन्मही गिरमिट संपल्यानंतरचा.

पाच वर्षं झाली की माणूस 'खुला'. पण परतीचं भाडं सरकार देणार ते दहा वर्षांनी. मधली पाच वर्षं कुठे काढायची? मग कुणी जमीन भाड्यानं घेतली, ऊस लावला, लग्न केलं, राहिला. बहुतेक जमीन तिथल्या मूळच्या लोकांची, ती विकत मिळत नाही, फक्त पट्ट्यावर. तीन-तीन पिढ्या एकाच तुकड्यावर राबलेल्या घरांचे पट्टे १९९७ पासून संपायला लागले, कित्येकांना नवे मिळालेच नाहीत. त्याआधी १९८७ ला लष्करी उठाव, मग २००० ला पुन्हा. लोक निघाले: ऑकलंड, सिडनी, व्हँकुव्हर. म्हणजे या बाईंच्या घरानं दोनदा गाव सोडलंय. त्यांना तुमच्या बांधीत रस नाही हो. त्यांना बसून सांगायचंय की आम्ही इथले.

एक उपयोगाची गोष्ट: सीएसआर कंपनीचे जुने कागद कॅनबेराला ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या नोएल बटलिन अभिलेखागारात आहेत. पण आधी त्यांनी फिजीतून पणजोबांच्या मुलांचे जन्मदाखले, आणि पणजोबांची मृत्यूची नोंद काढावी. पासचा नंबर पुढे सगळ्या रजिस्टरांत त्या माणसाला चिकटलेला असतो. तो नंबर मृत्यूच्या किंवा लग्नाच्या नोंदीतही सापडला, तर तिकडची साखळी पक्की.

तुमसरचा_वकील

जमिनीच्या भीतीबद्दल दोन ओळी. हा सल्ला नाही, सर्वसाधारण माहिती.

धागाकर्तेच म्हणतात की १९०१ साली घराकडे जमीन नव्हती. मग गेलेल्या भावाचा हिस्सा कशात? मालगुजारी १९५१ ला संपली, त्यानंतरच्या अधिकार अभिलेखात नाव कुणाचं आणि जमीन आली कशी, हे आधी पाहा. आबाजींनी किंवा वडिलांनी विकत घेतलेली असेल तर विषयच मिटला. शिवाय परदेशी नागरिकाला, अगदी ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी, इथे शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशानं येऊ शकते, पण त्यासाठी आधी वारसा असायला हवा.

चुलतभावांना हे सांगा. नाही पटलं तर फेरफारची नक्कल दाखवा. कागद दिसला की आवाज खाली येतो, हा माझा अनुभव.

वऱ्हाडी_ठेचा

एक विचारू का? पासवर १९०१ सालची जात लिहिली आहे ना? मंग तो कागद जात पडताळणीले चालन का? आमच्या पोरीचं प्रकरण समितीत अडकून आहे. पन्नासच्या आधीचा पुरावा मागतात.

जुने_कागद

भाऊ, तुमच्या मुलीला दुसऱ्याच्या पणजोबांचा पास चालणार नाही हे उघड आहे :) धागाकर्त्यांच्या बाबतीतही, समिती आधी वंशावळ मागेल आणि दक्षता पथक घरी येऊन विचारेल. गेलेला माणूस तुमच्या पणजोबांचा सख्खा भाऊ, हे सिद्ध करायला जे कागद लागतील, त्यांच्यावर तुमची जात बहुधा आधीच लिहिलेली असेल. मग पास कशाला? आणि वर म्हटलं तसं, त्या रकान्यावर डोळे मिटून विश्वास ठेवण्यासारखा तो रकाना नाही. तुमच्या प्रकरणासाठी वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.

आष्टीची_लेक

सगळा धागा वाचला. पासवरचा बायकोचा रकाना कोरा आहे, त्यावर कुणीच काही बोललं नाही, म्हणून मी विचारते.

१९०१ साली, चोवीस वर्षांचा, कुणब्याच्या घरचा मुलगा, आणि लग्न झालेलं नाही? आपल्याकडे? त्या काळात पोरींची लग्नं दहाव्या-बाराव्या वर्षी व्हायची. माझ्या मते त्याचं लग्न झालेलं होतं आणि त्यानं सांगितलं नाही. किंवा विचारणाऱ्यानं "सोबत बायको आहे का" एवढंच विचारलं. जहाजात शंभर पुरुषांमागे चाळीस बायका हव्यात असा सरकारी नियम होता, त्यामुळे बायका मिळवायला आरकाटी जंग जंग पछाडत. एकटा आलेला पुरुष मात्र एकटाच लिहिला जाई.

वैनगंगाकाठ दादा, तुमच्या घरात नवरा निघून गेलेली एखादी बाई होती का? तिची आठवण कुणाला आहे का?

वैनगंगाकाठ

ताई, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत.

होती. आबाजी तिला 'मोठी माय' म्हणत. त्यांची सख्खी आई वेगळी. ही घरातच राहायची, धानाच्या रोवण्याला (लावणीला) जायची, आबाजींना तिनंच खांद्यावर वाढवलं असं ते सांगायचे. ती कोण, हे आम्ही पोरांनी कधी विचारलं नाही. मोठी माय म्हणजे मोठी माय. माझ्या आत्याबाई आता नव्वदीच्या आहेत. काल त्यांना फोन केला. त्यांनी तिला पाहिलेलं नाही, पण घरात ऐकलेलं पक्कं लक्षात आहे. म्हणाल्या, "ते आमच्या आज्याची वहिनी. तिचा मानूस पानी ओलांडून गेला. तिनं कुकू पुसलं नाही अन् पाट बी लावला नाही." कुणब्यांत पाट (बाईचं दुसरं लग्न) लागायचा, अडचण नव्हती. पण नवरा मेल्याची खबरच नाही तर पाट कसा लावणार, असं आत्याबाईंचं म्हणणं.

व्रणाचं कुणालाच माहीत नाही.

जुने_कागद

मग तुमचं काम सोपं झालं. पुरुषाला शोधू नका, तो गेलेलाच आहे, इकडच्या कुठल्याच बुकात त्याचा मृत्यू सापडणार नाही. त्या बाईची मृत्यूची नोंद शोधा. कोतवालानं तिचं नाव लिहिताना नवऱ्याचं नाव लिहिलं असणार. ते नाव आणि पासवरचं नाव एक निघालं, गाव एक निघालं, तर पिंपळगाव-पिपरीचा घोळही संपतो. आबाजींच्या आठवणीत ती कधी गेली, लग्नाआधी की नंतर, कोणत्या मोसमात, ते आत्याबाईंना विचारा म्हणजे वर्ष आवळता येईल. पूर्ण बुकं चाळू देत नाहीत, पाचेक वर्षांचा टप्पा सांगितला तर देतात.

झाडीचा_माणूस

अन् बुक उधईनं खाल्लं असन तर?

जुने_कागद

तर खाल्लं. तुमच्या मोहाडीकडची बरीच खाल्ली आहेत.

कोष्टीपुरा_पवनी

भाटाच्या पोथीत किंवा त्र्यंबकच्या गुरुजींच्या वहीत काही मिळेल का? आमच्या घरची नावं त्र्यंबकेश्वरला सापडली होती, सात पिढ्यांची.

जुने_कागद

तिथे जाऊन कुणी नाव लिहून आलं असेल तरच. भंडाऱ्याच्या सालदारानं १९०० साली त्र्यंबक गाठलं असेल असं मला वाटत नाही. भाट ठरावीक घरांकडे येत. विचारून पाहा, पण त्यावर विसंबू नका.

सिडनीकर_अकोल्याचा

एक शंका. तो परत आला असेल आणि घरी पोचलाच नसेल असंही होऊ शकतं का? गेलेल्यांपैकी सुमारे चोवीस हजार परत आले. पण कित्येकांना गावानं घेतलं नाही, समुद्र ओलांडला म्हणून, किंवा दुसऱ्या जातीच्या बाईशी लग्न केलं म्हणून. असे लोक कलकत्त्यात मटियाबुर्जला अडकून पडले आणि पुन्हा फिजीला जायचं जहाज मागू लागले. १९२० च्या दशकात हा मोठा प्रश्न होता.

वैनगंगाकाठ

बाईंच्या म्हणण्याप्रमाणे त्यांचे पणजोबा लंबासातच वारले, त्यांची समाधीची जागाही घरच्यांना ठाऊक आहे. आमच्या घरी तर त्यानं चिठ्ठी पाठवल्याचंही कुणी सांगत नाही. लिहिता येत नव्हतंच. पासावरही अंगठा असणार.

वैनगंगाकाठ

मंडळी, थोडी प्रगती. म्हणून पुन्हा लिहितोय.

घरातल्या पेटीत चुलतभावानं पडताळणीच्या वेळी काढलेल्या दोन नकला निघाल्या, पण त्या आबाजींच्या जन्माच्या. त्यातही "मुलगा" एवढंच, नाव नाही. तहसिलीत जाऊन अर्ज केला. सुरुवातीला "असं जुनं काही नाही" असं उत्तर मिळालं, मग एका म्हाताऱ्या शिपायानं बस्ता काढून दिला. आत्याबाईंनी सांगितलेल्या अंदाजानं १९३५ ते १९४० पाहिलं.

१९३८ सालच्या पानावर नोंद आहे. बाईचं नाव (आत्याबाईंनी सांगितलेलंच), जात कुणबी, गाव आमचं, मरणाचं कारण ताप. नवऱ्याचं नाव: पासवर जे आहे तेच. नुसतं नाव लिहिलंय, मयत वगैरे काही नाही. वय साठ लिहिलंय. आमच्या हिशेबानं थोडं कमी असायला हवं, पण जुने_कागद म्हणाले तसं वयाचं धरत नाही.

म्हणजे गाव जुळलं, ठाणा जुळला, बाप जुळला, भाऊ जुळला, आणि आता बायकोच्या नोंदीत त्याचं नाव. मला तरी पुरेसं वाटतं.

आता नवा पेच. ऑकलंडच्या बाईंना हे कसं सांगायचं? त्यांच्या घरी पणजोबा-पणजीची गोष्ट अशी सांगतात की दोघं जहाजात भेटले, जहाजी नातं, लंबासात लग्न लागलं. त्यांची पणजी बस्ती जिल्ह्याची. आणि इकडे ही बाई १९३८ पर्यंत कुंकू लावून बसलेली.

तुमसरचा_वकील

सांगूच नका. काय मिळणार त्यातून? नातं जुळलं एवढं पुरे.

आष्टीची_लेक

का नाही सांगायचं? जो कागद नातं सिद्ध करतो तो त्या बाईचाच आहे. तो दाखवायचा आणि ती कोण ते सांगायचं नाही, हे कसं जमेल? वकीलसाहेब, तुम्ही पुरावा कोर्टात दाखवता तेव्हा नाव झाकता का?

आणि दोष कुणाचा काढायचा नाहीये यात. चोविसाव्या वर्षी उपाशी निघालेल्या माणसाला पाच वर्षांचा करार काय असतो हे तरी कळलं असेल का? गोखल्यांनी १९१२ साली केंद्रीय कायदेमंडळात ही पद्धत बंद करा म्हणून ठराव मांडला, तो सरकारनं फेटाळला. सगळे करार रद्द झाले ते १ जानेवारी १९२० ला. तोवर याचं घरदार, मुलं-बाळं तिकडे. परत येऊन काय करणार होता?

सिडनीकर_अकोल्याचा

ताईंशी सहमत. इथल्या फिजीवाल्या घरांत ही गोष्ट नवी नाही. "आजाची इंडियात एक बायको होती" हे मी दोन-तीन घरांत ऐकलंय, लपवून नव्हे, अगदी जेवताना. सांगा. फक्त फोनवर सांगू नका आणि नुसता फोटो तर अजिबात पाठवू नका. नक्कल, आत्याबाईंचं बोलणं, सगळं नीट लिहून पाठवा. हिंदीत लिहा, त्यांना देवनागरी येत असेल तर. नाहीतर त्या पोराकडून इंग्रजी करून घ्या.

वैनगंगाकाठ

आत्याबाईंचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून घेतलं. त्याच म्हणाल्या, "सांग तिले. तिची बी आजीच होय." मग पाठवलं.

उत्तर आलं. बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो मोठ्या मायच्या माहेरचा. तिचे कुणी भाऊ, भाचे आहेत का, त्यांना भेटता येईल का. हा विचार आमच्या डोक्यात आलाच नव्हता. माहेर कोणतं हे आत्याबाईंनाही माहीत नाही, "लाखांदूरकडचं कोनतं तरी" एवढंच.

त्यांना गावी यायचंय. जुलैमध्ये येतो म्हणतात, तेव्हा तिकडे मुलांना सुट्टी असते.

झाडीचा_माणूस

जुलैत कायले बोलावता गा? रोवना सुरू असते, घरी कोनी भेटनार नाही, अन् तुमच्या गावच्या रस्त्यानं चिखलात गाडी बी जानार नाही. दिवाळीनंतर बोलवा. मंडई (गावची जत्रा) असते, पावने असतात, रातभर नाटक असते. समदे नातेवाईक एकाच जागी भेटतात. लाखांदूरचे बी येतात मंडईले, तिथंच माहेराचा पत्ता लागन पाहा.

वैनगंगाकाठ

हे पटलं. तसं कळवतो. चुलतभावानंही "आले तर माझ्याकडे उतरू द्या, माझं घर पक्कं आहे" असं म्हटलंय. फेरफारची नक्कल मात्र त्यानं आधी मागून घेतली :)

जुने_कागद काका, माहेर शोधायला लग्नाची काही नोंद मिळेल का?

जुने_कागद

त्या काळच्या आपल्याकडच्या लग्नाची नोंद कुठेच नाही. तिच्या मृत्यूच्या नोंदीत खबर देणाऱ्याचं नाव आहे का ते पाहा. काही कोतवाल लिहीत. माहेरचं माणूस मयतीला आलेलं असेल आणि त्यानं खबर दिली असेल तर नाव मिळेल. नक्कल मागताना फक्त तेवढी ओळ नको, पूर्ण पानाची मागा. ओळीची नक्कल देतात तेव्हा शेवटचा रकाना गाळतात.

वैनगंगाकाठ

सोमवारी जातो. पूर्ण पानाची मागतो.

वऱ्हाडी_ठेचा

नकलेले किती पैसे लागले भाऊ? आमच्या इकडं लय घेतात. अन् माझ्यासाठी नवा धागा काढला आहे, जुने_कागद काका, तिकडं बी या.